भागूबाईंच्या खाटेशेजारची खुर्ची

मित्रांनो, माझ्यावर कोण बसलं आहे हे मला वजनावरून कळतं. घाईत असलेला माणूस काठावर टेकतो. दमलेला माणूस एकदम सगळा भार टाकतो. रडायला आलेला माणूस आधी माझे दोन्ही हात घट्ट धरतो आणि मग बसतो. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि माझं जवळजवळ सगळं आयुष्य एका इस्पितळात, ऑपरेशन झालेल्या बायकांच्या वॉर्डात गेलं. ते इस्पितळ आपल्या वसई-विरारमधलंच आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही.

माझा जन्म नंदाखालचा. तिथे एका बावखलाच्या काठी फणसाचं मोठं झाड होतं. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं लहान तळं. त्या झाडाची मुळं कित्येक वर्षं त्या पाण्यात होती. एका वादळात झाड आडवं झालं आणि इनास मेस्त्रींनी त्याच्या फळ्या पाडल्या. त्यांच्या आईचा इलाज या इस्पितळात झाला होता. आईला उठताना आधार लागायचा, ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी माझे हात रुंद केले, पाठ उंच ठेवली आणि बैठक जरा वर घेतली. म्हाताऱ्या माणसाला खोल खुर्चीतून उठता येत नाही, असं ते रंधा मारताना म्हणत असत. खुर्ची तयार झाल्यावर त्यांनी मला टेम्पोत घालून इथे आणलं आणि आईच्या नावानं ठेवून दिलं.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. मी रिकामी अशी कधी राहतच नसे. माझ्यावर लेकी बसल्या, सुना बसल्या, जावा-जावा पाळीपाळीनं बसल्या. एक नवरा रोज सकाळी येऊन बायकोची वेणी घालत असे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर पेशंटला हळूच उठवून माझ्यावर बसवत. झोपून राहिलं की छातीत कफ साठतो, बसलं की बरं वाटतं. तेव्हाच्या मेट्रन बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ही खुर्ची माझ्या स्टाफमध्ये धरा."

मग नवी इमारत झाली. भेटीची वेळ ठरली, दारावर पहारेकरी आला. माणसं येत, पण उभ्यानं बोलून जात. बसली तरी मोबाईलमध्ये असत. हळूहळू माझ्यावर पिशव्या ठेवल्या जाऊ लागल्या. डायपरचं पाकीट, एक्स-रेचं मोठं पाकीट, मोसंब्यांची पिशवी. आणि पिशव्या नसल्या की मी रिकामी.

अशाच एका सोमवारी भागूबाई आल्या.

वय एकोणऐंशी. गाव पूर्वेकडचं, खाडीकाठचं. ओट्यावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा परेश एव्हरशाईन सिटीत राहतो. तो धावत गेला आणि त्यांना घेऊन आला. त्याच दिवशी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. मंगळवारी भागूबाई झोपेतच होत्या. परेशनं त्यांचा चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी एका डब्यात घालून घरी नेली. इस्पितळात वस्तू हरवतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्यानं काळजीनंच केलं, पण करून बसला.

वॉर्डाच्या आतल्या कोपऱ्यातली खाट त्यांना मिळाली. तिथे खिडकी नाही. ट्यूबलाईट सकाळीही तीच आणि दुपारीही तीच. मी त्यांच्या उजव्या हाताला होते.

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला भागूबाईंनी मान वळवली आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्यावर त्या वेळी काही नव्हतं. पिशवीसुद्धा नव्हती.

"किती भिजली गो तू," त्या म्हणाल्या. "थंडी वाजतंय का?"

शेजारच्या खाटेवर चादर बदलत असलेली प्रिन्सी सिस्टर वळली. ती नवी होती, सहा महिन्यांपूर्वीच लागलेली. "कोण आजी? कोणाशी बोलताय?"

भागूबाईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी हात लांब केला आणि माझ्या हातावर थोपटलं, जसं लहान मुलाला थोपटतात तसं. प्रिन्सी हसली. औषधाची गुंगी असेल, असं म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली.

मित्रांनो, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. माझ्यावर कोणी बसलेलं नव्हतं. चिमणीएवढंही वजन मला लागलं नाही. पण भागूबाई ज्या जागी बघत होत्या, ती जागा माझ्या बैठकीपासून हातभर वर होती. तिथे एखादं पाच वर्षांचं मूल बसलं, तर त्याचे डोळे बरोबर तेवढ्याच उंचीवर येतील. आणि त्या बघत होत्या त्या नजरेत समोरून कोणीतरी बघत असल्याची खूण होती.

संध्याकाळी परेश पाणी पाजायला आला. भागूबाईंनी घोट घेतला आणि थुंकला.

"खारं हाय."

"आई, बिसलेरी आहे. आत्ता उघडली."

"मना नको. ती बोलते, ह्या पान्यात मी हाय." भागूबाईंचा आवाज अगदी शांत होता. "मी कशी पिऊ सांग."

परेशनं बाटलीचं झाकण लावलं. तो बसायला म्हणून माझ्याकडे वळला, तर त्यांनी त्याचा शर्ट धरला. "तिच्यावर बसू नको. लहान हाय ती."

तो बसला नाही. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि वेळ संपल्यावर गेला.

गुरुवारचा दिवस आठवला की अजूनही माझे सांधे कुरकुरतात. भागूबाईंनी सकाळपासून ना पाणी घेतलं ना पेज. ओठ सुकून पांढरे झाले होते. दुपारी वॉर्ड शांत असतो, पेशंट जेवून पडलेले असतात. तेव्हा त्यांनी सलाईनची सुई ओढून काढली. चादरीवर रक्ताचा पट्टा उमटला, नळीतलं पाणी इकडे-तिकडे उडालं. एक पाय कठड्यावरून खाली सोडून त्या म्हणत होत्या, "थांब, आलीच मी. हात सोडू नको. आलीच."

प्रिन्सीनं धावत येऊन त्यांना धरलं म्हणून बरं. आणखी क्षणभर उशीर झाला असता तर नवा सांधा निखळला असता. डॉक्टर आले. तेही तरुणच होते आणि सकाळपासून उभे होते. ते म्हणाले, "हात बांधून ठेवा. पडल्या तर सगळं परत करावं लागेल." परेशला फोन गेला. तो कामावरून निघून आला आणि दारातच म्हणाला, "बांधा सिस्टर. पडू नका देऊ तिला."

पट्टीनं दोन्ही मनगटं कठड्याला बांधली. भागूबाई ओरडल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मधूनच कोणाला तरी ऐकल्यासारखी मान हलवत राहिल्या.

सफाईच्या बाईनं मला उचलून बाहेर व्हरांड्यात नेलं. खुर्चीच नको समोर, असं तिचं म्हणणं. पण मी दाराबाहेर पडताच भागूबाई अशा कळवळून रडायला लागल्या, की सगळा वॉर्ड उठून बसला. "नेली, तिला नेली." मग मला परत आणून ठेवलं. त्यानंतर कोणी माझ्याजवळ येईना. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं खाट बदलून मागितली. औषधांचा ट्रे माझ्यावर टेकवायची सवय असलेली प्रिन्सीसुद्धा त्या दिवशी ट्रे हातातच धरून उभी राहिली.

आणि एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. त्या दुपारी माझ्या बैठकीवर ओल होती. मी लाकूड आहे, बावखलाच्या काठचं. गोडं पाणी आणि खारं पाणी मला निरनिराळं कळतं. ती ओल खारी होती. सलाईनसुद्धा खारंच असतं, नळीतून उडालं असेल, हे मला पुष्कळ उशिरा सुचलं. तोवर मीही घाबरले होते.

शुक्रवारी सकाळी रेजिना सिस्टर रजेवरून आल्या. त्या या वॉर्डात बावीस वर्षं आहेत आणि माझ्याच गावच्या, नंदाखालच्या. त्यांनी कागद वाचले. मग भागूबाईंच्या मनगटावरच्या पट्ट्या पाहिल्या. आधी त्या सोडल्या आणि वळ चोळत बसल्या.

"प्रिन्सी, लघवीची नळी कधी काढली?"

"बुधवारी सकाळी."

"त्यानंतर लघवी?"

"होतेय सिस्टर. डायपर ओलं असतं थोडं थोडं."

रेजिना सिस्टरांनी भागूबाईंच्या ओटीपोटावर हात ठेवला. नुसता ठेवला, दाबला नाही. तरीही भागूबाईंचा चेहरा आवळला.

"हात ठेव इथे," त्या प्रिन्सीला म्हणाल्या. "लागतंय काही?"

"कडक आहे. फुगल्यासारखं."

"तुंबलीय. जी बाहेर येते ती नुसती गळती. दोन दिवस या बाईच्या पोटात कळ आहे आणि तिला सांगता येत नाहीये. डॉक्टरांना बोलाव."

नळी पुन्हा घातली. पिशवी भरत गेली, भरतच गेली. जवळजवळ एक लिटर. डॉक्टरांनी पिशवीवरचा आकडा वाचला. मग त्यांनी स्वतःच्या हातानं रक्त काढलं, झोपेची एक गोळी कागदावरून खोडली आणि सलाईन पुन्हा सुरू केलं. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," ते म्हणाले. रेजिना सिस्टर म्हणाल्या, "आता आलं ना."

मग त्यांनी परेशला फोन लावला. "आईंचा चष्मा, मशीन, कवळी. सगळं आत्ता घेऊन या. आणि त्या घरी ज्या पेल्यातून पाणी पितात तो पेलाही आणा." खाट हलवून खिडकीपाशी घेतली. बाहेर नारळाच्या झावळ्या होत्या आणि ऊन होतं. मलाही खिडकीपाशी नेलं.

मग रेजिना सिस्टर माझ्यावर बसायला आल्या.

"बसू नको," भागूबाई म्हणाल्या. "ती हाय ना तथं."

सगळ्यांचे डोळे रेजिना सिस्टरांवर होते. त्या खाली वाकल्या आणि भागूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "मला ती दिसत नाही आजी. तुम्हाला दिसते आणि तुम्हाला भीती वाटते, ते मला दिसतंय. मला तुमच्याजवळ बसायचंय. कुठे बसू?"

भागूबाईंनी विचार केला. मग म्हणाल्या, "कडेला बस."

आणि बावीस वर्षं नोकरी झालेल्या त्या बाई माझ्या एका कडेला, अर्ध्या जागेत, अंग चोरून बसल्या. उरलेली जागा त्यांनी मोकळी ठेवली. दोन दिवसांनी माझ्यावर जिवंत माणसाचं ऊबदार वजन आलं. मला किती बरं वाटलं ते मी सांगू शकत नाही.

"कोण आहे ती?"

"जनी. माजी भन."

हळूहळू, मध्येच वाट चुकत, भागूबाईंनी सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या होत्या, जनी पाचांची. आई भात लावायला गेली होती. खाडीच्या बांधावर उघाडी होती, म्हणजे भरतीचं पाणी अडवायची लाकडी दारं. तिथे चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. आईनं बजावलं होतं, हिचा हात सोडू नको. निवटी पकडायला म्हणून भागूनं हात सोडला. एवढाच वेळ, असं म्हणून त्यांनी डोळे मिटून उघडले. भरती येत होती.

परेश केव्हा येऊन उभा राहिला ते कोणालाच कळलं नव्हतं. त्याच्या हातात डबा आणि पितळी पेला होता. "मला मावशी होती?" तो म्हणाला. "आई कधी बोलली नाही."

रेजिना सिस्टर त्याला व्हरांड्यात घेऊन गेल्या. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

"आई वेड्या झालेल्या नाहीत आणि त्यांना काही लागीर झालेलंही नाही. या वयात ऑपरेशननंतर असं पुष्कळांना होतं. भूल, दुखणं, तुंबलेली लघवी, पोटात पाण्याचा थेंब नाही. वर ऐकू येत नाही, दिसत नाही, दिवस की रात्र कळत नाही. डोकं बिचारं काय करेल? जे आत साठलंय ते समोर येऊन बसतं."

"परत नॉर्मल होईल ना?"

"बहुतेकांचं उतरतं. कोणाचं दोन दिवसांत, कोणाचं आठवड्यात. मी तुम्हाला वचन देत नाही. पण एकट्या ठेवू नका. तुम्ही बसा, तुमच्या मिसेसना बसवा. मोबाईल बाजूला ठेवून. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे सांगत राहा. ती नाहीच असं म्हणून भांडू नका. आणि तिला बघून घाबरूही नका."

"मी बसलो नाही सिस्टर," परेश म्हणाला. "दोन दिवस उभाच राहिलो. भीती वाटली."

"आता बसा."

मशीन कानात गेलं. चष्मा डोळ्यांवर गेला. भागूबाईंनी परेशकडे पाहिलं. मग खिडकीबाहेरच्या झावळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हाय अजून," त्या म्हणाल्या. "पन मागं सरकलीय."

परेश माझ्यावर बसला. मोठा, जड माणूस, पण तोही कडेलाच बसला.

शनिवारी सकाळी रेजिना सिस्टर आणि प्रिन्सीनं भागूबाईंना उठवलं. एकीनं पाठीला हात दिला, दुसरीनं वॉकर धरला. चार पावलांवर मी होते. पहिल्या पावलाला भागूबाई थरथरल्या. दुसऱ्याला थांबल्या.

"तिच्यावर कशी बसू मी?"

प्रिन्सीनं रेजिना सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी काही सांगितलं नाही. मग प्रिन्सीच म्हणाली, "आजी, तुम्ही बसा आणि तिला मांडीवर घ्या."

भागूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वळून पाठ माझ्याकडे केली, माझे दोन्ही हात धरले आणि हळूच खाली बसल्या. मला एकाच माणसाचं वजन लागलं, तेही किती थोडं. पण त्यांचे हात मांडीवर कशाभोवती तरी गोल होऊन राहिले, आणि त्या पुढे-मागे डुलायला लागल्या. शेजारच्या बाईनं डोळ्यांना पदर लावला.

थोड्या वेळानं परेशनं पितळी पेल्यात पाणी ओतलं. आधी स्वतः घोट घेतला.

"गोडं आहे आई. बघ."

त्यांनी पेल्यात पाहिलं. खूप वेळ पाहिलं, तळापर्यंत. मग पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी संपवलं. दुसरा पेलाही संपवला.

रविवारी त्यांनी जनीचं नाव दोनदाच घेतलं. सोमवारी त्यांनी विचारलं, "माज्या कोंबड्यांना कोन बघतं?" रेजिना सिस्टर हसल्या. त्याच आठवड्यात भागूबाई वॉकर धरून दारापर्यंत चालत गेल्या आणि परेशच्या गाडीत बसून घरी गेल्या.

टाके काढायला आल्या तेव्हा मुद्दाम वॉर्डात आल्या. रेजिना सिस्टरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी काय काय बोलली गो? पोरगा सांगत नाय. लाज वाटतंय मना."

"तुम्ही बहिणीची ओळख करून दिलीत," रेजिना सिस्टर म्हणाल्या. "लाज कसली त्यात?"

मधल्या रविवारी परेशनं त्यांना गाडीतून जुन्या बांधावर नेलं होतं, असं भागूबाईंनी सांगितलं. आता तिथे सिमेंटचा रस्ता आहे. दोघं गाडीतच बसून राहिले आणि त्यांनी पोराला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

माझं पुढे काय झालं, ते थोडक्यात सांगते. वॉर्डाची तपासणी झाली. लाकूड नीट निर्जंतुक करता येत नाही, ते पाणी शोषतं, जंतू धरून ठेवतं, असं ठरलं. ते खरंच आहे, पाणी मी शोषते. आता मी जिन्याखालच्या खोलीत आहे, मोडक्या स्ट्रेचरच्या आणि जुन्या पंख्यांच्या सोबतीला. वॉर्डात स्टीलच्या खुर्च्या आल्या आहेत. त्या धुता येतात. मला त्यांचा राग नाही.

पण मित्रांनो, एक विनंती आहे. तुमची आजी किंवा आजोबा ऑपरेशननंतर भिंतीशी बोलायला लागले, कोणी नसलेल्या जागी बघून हसायला किंवा रडायला लागले, तर त्यांना हसू नका आणि दारातून परत फिरू नका. लगेच सिस्टरना सांगा. त्यांचा चष्मा घरी नेऊ नका, कानाचं मशीन डब्यात ठेवू नका. पाणी त्यांच्या ओठांपर्यंत न्या. आणि खाटेशेजारी जी काही खुर्ची असेल, लाकडाची, स्टीलची, प्लास्टिकची, तिच्यावर पिशव्या ठेवू नका.

मी इतकी वर्षं खाटेशेजारी काढली आहेत, म्हणून सांगते. म्हाताऱ्या, दुखऱ्या माणसाजवळची खुर्ची फार वेळ रिकामी राहत नाही. कोणीतरी येऊन बसतंच. त्याच्याआधी तुम्ही बसा.